कदमांची झील

या, अशा पुढे या. सतरंजी चांगली मोठी अंथरली आहे, आणि तिकडे खांबामागे बसलात तर पंख्याच्या घरघरीत अर्धं ऐकू येणार नाही. चपलांची काळजी नको, आमच्या देवळात चपला जात नाहीत; गेल्याच तर त्यांच्या जागी बऱ्या येतात. आज मी एक गोष्ट सांगणार आहे. तिच्यात अंतराळयान आहे, बोलणारी भिंत आहे, चार हातांचा एक रुसका राजदूत आहे. पण गोष्ट त्यांची नाही. गोष्ट आहे कदमांची. ऐका, आणि झाल्यावर मी एक मागणं मागेन, तेवढं द्या.

कदम म्हणजे कोण, तर ‘मृगनौका’ नावाच्या मालिकेत कॅप्टन इरावतीच्या मागे, डाव्या हाताला उभा असलेला माणूस. त्या यानावर माणसं तशी थोडीच. बाकी सगळे यंत्रमानव, तो निळा राजदूत, आणि काचेच्या पेटीत ठेवलेलं एक विचार करणारं शेवाळ. कदमांकडे यानातली हवा सांभाळायचं काम. कॅप्टनने विचारायचं, “कदम, हवा?” कदमांनी काट्याकडे बघून सांगायचं, “हवा ठीक.” संपलं. मग राजदूत रुसायचा, शेवाळ भविष्य सांगायचं, लढाया व्हायच्या, आणि कदम आपले मागे उभे.

तर हे कदम म्हणजे आमच्या मिरजेचे हेमंत हळदीकर. बँकेतून निवृत्त झालेले, उंच, किंचित वाकलेले, आवाजाला गोड. पण बँक ही काही त्यांची खरी ओळख नव्हे. ते शरयूताई आगाश्यांचे झीलकरी.

कीर्तन फारसं न ऐकलेलं कुणी बसलं असेल तर सांगते. कीर्तनकार पुढे उभा राहून पद म्हणतो. त्याच्या मागे झीलकरी असतो, तो पदाचा शेवटचा तुकडा उचलून धरतो. तेवढ्यात कीर्तनकाराला श्वास घ्यायला, पुढचं आठवायला उसंत मिळते. ती उचललेली ओळ म्हणजे झील. शरयूताईंची रीत आणखी वेगळी. त्या अर्धीच ओळ म्हणायच्या, हातातली झांज वर धरून थांबायच्या, आणि उरलेली अर्धी हेमंतकाकांनी पुरी करायची. ताई कधी मागे वळून बघायच्या नाहीत. “माझ्या पाठीला डोळे नाहीत,” म्हणायच्या, “हेमंतराव आहेत.”

आयुष्यभर झील धरून काकांना घरातही तीच सवय लागलेली.

“अहो, दूधवाला आज आला नाही.”

“आला नाही…”

“उद्या पिशवी आणावी लागेल.”

“लागेल. आणतो.”

शुभदाकाकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, आम्हा शेजारणींना सांगायच्या, “मी भांडायला लागले तरी हे झील धरतात. एकटीनं किती वेळ भांडणार?”

मालिकेत ते गेले कसे, तेही मजेचं आहे. दत्तजयंतीच्या उत्सवात मालिकेवाल्या कंपनीची माणसं आमच्या देवळातल्या घंटेचा नाद टिपायला आली होती. कीर्तन चालू होतं. त्यातली अन्वी नावाची मुलगी घंटा सोडून काकांकडेच बघत राहिली. कीर्तन संपल्यावर पुढे येऊन म्हणाली, “आम्हाला मागे उभं राहणारा माणूस हवाय. नट खूप मिळतात, पण मागे उभं केलं की सगळे हळूहळू पुढे सरकतात.”

“सरकतात,” काका म्हणाले. आणि चित्रीकरणाला कोल्हापूरला गेले.

आता थोडं यंत्राचं सांगायला हवं, म्हणजे पुढचं नीट कळेल. पूर्वी मालिका एकदाच चित्रित व्हायची आणि सगळी दुनिया तेच बघायची. आता मालिका पेरतात. नटाला आठवडाभर एका गोल खोलीत ठेवतात, चहूबाजूंनी कॅमेरे. तो चालतो कसा, बसतो कसा, हसताना आधी डोळे हसतात की ओठ, उत्तर देण्यापूर्वी किती थांबतो, कुठल्या शब्दावर आवाज खाली आणतो, हे सगळं यंत्र टिपून घेतं. त्याला त्या नटाचं बीज म्हणतात. मग त्या बीजातून घराघरातल्या भिंतीवरच्या पडद्यावर यंत्र प्रसंग उगवतं. कथेचा सांगाडा सगळीकडे एकच, पण प्रसंग तुमच्या घरी वेगळा, माझ्या घरी वेगळा. मध्येच तुम्ही ‘थांब’ म्हणालात तर कथा थांबते, आणि समोरच्या पात्राशी तुम्हाला गप्पा मारता येतात. आमच्या गल्लीत एकीने राजदूताला लोणच्याची कृती विचारली होती. त्याने सांगितली. लोणचं नासलं.

यात एक गोष्ट कुणाच्या फारशी ध्यानात आली नव्हती. मुख्य पात्रांच्या बीजावर लेखकांची फौज बसलेली असते. लोकांना काय रुचतं ते बघून रोज त्यात घालायचं, रोज काढायचं. वर्षभरात कॅप्टन इरावतीमध्ये तिच्या मूळ नटीचं काही म्हणजे काही उरलं नव्हतं. कदमांसारख्या पात्रावर वेळ कोण घालवणार? त्यांना कुणी हात लावला नाही. जसे पेरले तसे उगवले. त्यामुळे त्या सबंध यानावर खरंखुरं माणूस म्हणावं असं तेवढंच एक. कॅप्टन म्हणायची, “कदम, दुसरं दालन बंद करा.” आणि कदम म्हणायचे, “बंद करा… केलं.”

काकू आणि काका शेजारी शेजारी बसून ते बघायचे. काकू हसून लोटपोट. “अहो, तिथंसुद्धा?”

“तिथंसुद्धा,” काका म्हणायचे.

*

पुढच्या भाद्रपदात एके सकाळी चहा पिताना काकांच्या हातून कप सुटला. मेंदूच्या डाव्या भागात रक्ताची गुठळी. दवाखान्यात वेळेवर नेलं, जीव वाचला. उजवा हात महिन्याभरात बराचसा वळला. काठी घेऊन चालायलाही लागले. वाचा मात्र गेली. समजायचं सगळं. पेपर उघडून बसायचे, नातवाचा फोटो दाखवला की डोळे भरायचे. पण बोलायला गेले की “हे… हे…” नाहीतर एखादं अक्षर, एवढंच.

आम्ही सगळे जात होतो भेटायला. मिरजेची माणसं प्रेमळ, काही विचारू नका. काकांनी “पा…” म्हटलं की चौघं एकदम उठायचे. “पाणी हवंय?” “पंखा लावू का?” “अगं, पांघरूण मागताहेत!” आणि पाणी, पंखा, पांघरूण तिन्ही एकदम हजर. काका डोळे मिटून घ्यायचे. आम्हाला वाटायचं, दमले.

एका दुपारी मी करंज्या घेऊन गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. आतून काकूंचा आवाज येत होता, आणि मधूनमधून काकांचा. माझं काळीज सुपाएवढं झालं. बोलायला लागले! आत पाऊल टाकलं तर काका खिडकीपाशी आरामखुर्चीत, भिंतीकडे पाठ करून बसलेले. आणि काकू जमिनीवर बसून, गुडघ्यावर हनुवटी टेकून भिंतीशी बोलत होत्या. भिंतीवर यान थांबलेलं, कॅप्टनचा हात हवेत तसाच, आणि मागे उभे कदम तेवढे काकूंकडे बघत होते.

“अहो, ऋतुजाचा फोन आला होता. तिची बदली झाली नाशिकला.” ऋतुजा म्हणजे त्यांची लेक.

“नाशिकला,” कदम म्हणाले.

“जरा लांब पडेल.”

“पडेल लांब.” मग थोडं थांबून, अगदी काकांसारखं, “येईल ती.”

मला बघून काकू उठल्या. ओशाळल्या नाहीत. “बस गं. चहा टाकते,” म्हणाल्या. मी करंज्यांचा डबा काकांच्या शेजारी ठेवला. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि परत खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर काही नव्हतं, समोरच्यांची वाळत घातलेली चादर होती.

*

झोया शिकलगार म्हणून एक मुलगी काकांना बोलायला शिकवायला यायची. वाचा गेलेल्यांना परत बोलतं करायचं हेच तिचं काम. तिने आम्हाला नीट समजावून सांगितलं होतं.

“काकू, बोलण्याचे शब्द बहुतेकांच्या डोक्यात डाव्या बाजूला जुळतात. काकांचा तोच भाग दुखावलाय. पण गाण्याची चाल दोन्ही बाजूंना पसरलेली असते. म्हणून कधीकधी बोलता न येणारा माणूस गाऊ शकतो. पुढचं दार बंद असलं तरी शब्द चालीला धरून मागच्या दारानं बाहेर येतो.”

“मग गाऊ देत की.”

“तेच तर करायचंय. आणि आपल्याकडे त्यांचाच आवाज आहे, भिंतीवर! यापेक्षा चांगलं काय हवं? कदम म्हणतील, त्यांच्याबरोबर काका म्हणतील.”

तिने युक्ती चांगलीच काढली होती. रोज सकाळी कदमांना पदं म्हणायला लावायची. कदम म्हणायचे, सुरेल, अगदी जागच्या जागी. काकांचे ओठ मिटलेले. तिसऱ्या की चौथ्या सकाळी त्यांनी डाव्या हाताने खुर्ची ओढली, भिंतीकडे पाठ केली, आणि तेव्हापासून ती खुर्ची तशीच खिडकीकडे तोंड करून राहिली. झोया गोंधळली. “असं व्हायला नको होतं,” एवढंच म्हणाली.

तशात कार्तिकात अन्वीचा फोन आला. काकूंनी तो आम्हा सगळ्यांसमोर घेतला.

“काकू, वाईट वाटतंय सांगायला. पण नव्या पर्वात कदम नसतील. प्रेक्षकांची नजर पडद्यावर कुठे जाते ते आम्ही बघतो ना, कदमांकडे कुणीच बघत नाही. हवेचं काम आता यंत्रमानवाकडे जाईल.”

काकूंचा चेहरा उतरला.

“पण ऐका ना,” अन्वी घाईने म्हणाली, “काका आजारी आहेत हे कळलंय आम्हाला. तुमची इच्छा असेल तर त्यांचं बीज आम्ही तुमच्या घरी कायमचं ठेवू. यान वगैरे काढून टाकू. घरातले जुने व्हिडिओ द्या, फोटो द्या, मुलीचं नाव, नातवाचं नाव, सगळं शिकवू. मग ते कदम राहणार नाहीत. हेमंतच होतील. तुमच्याशी दिवसभर बोलतील. दत्तजयंतीनंतर सांगितलंत तरी चालेल. नाही म्हणालात तर बीज पुसलं जाईल, मग मात्र परत मिळणार नाही.”

शरयूताई तिथेच होत्या. आठवड्यातून एकदा त्या काकांना भेटायला यायच्या आणि त्यांच्यासमोर नुसत्या बसायच्या. फोन ठेवल्यावर त्याच म्हणाल्या, “शुभदा, भिंतीवरच्याला तू ‘अहो’ म्हणतेस.”

“मग काय म्हणू?”

“आणि खुर्चीतल्यांना?”

“त्यांना कुठं काय म्हणायचं असतं, ताई? औषध घ्या म्हणते. मान वर करा म्हणते, दाढी करताना.” काकू ताईंकडे वळल्या. “तुम्ही आठवड्यातून एकदा येता. या घरात दिवसभर एकच आवाज असतो, माझा. स्वतःचाच आवाज ऐकून ऐकून मला वीट आलाय. भिंत निदान उत्तर तरी देते!”

खिडकीपाशी काका सगळं ऐकत होते. वाचा गेली होती, कान नव्हते गेले.

*

उत्सव जवळ आला. काका पडल्यापासून शरयूताईंनी दुसरा झीलकरी घेतला नव्हता. एकट्याच म्हणायच्या, धाप लागायची. देवस्थानचे विश्वस्त अरुण जोगळेकर, उत्साही माणूस, एक दिवस पळत आले.

“ताई, मार्ग सापडला! तुमच्यामागे पडदा लावू. कदमांना उभं करू! आवाज हेमंतरावांचाच, सूर चुकायचा नाही, आणि मध्ये चहाही द्यायला नको!”

“चहा मी देत होते, जोगळेकर. तुम्हाला काय त्रास होता?”

“तसं नव्हे…”

ताई नकोच म्हणणार होत्या. पण काकूंनी त्यांचा हात धरला. “हो म्हणा. मला एकदा त्यांना तसं बघायचंय, तुमच्यामागे उभं राहिलेलं. बघते, आणि कीर्तन झालं की अन्वीला कळवून टाकते.”

काय कळवून टाकते, ते विचारायची गरज नव्हती. फोटोंची पेटी माळ्यावरून खाली आलेली आम्ही बघितली होती. हेमंत नावाचं बोलकं माणूस भिंतीवर येणार होतं, आणि त्याच नावाचं मुकं माणूस खिडकीपाशी बसणार होतं. दोघांपैकी काकू कुणाशी बोलणार, ते सांगायला ज्योतिषी नको होता.

कीर्तन संध्याकाळी पाचला उभं राहिलं. पडद्यावर कदम आले, अंगात यानातला राखाडी गणवेश, आणि जोगळेकरांच्या आग्रहावरून त्यावर यंत्राने चढवलेलं उपरणं. बायका हसल्या. काकांना खांबाशेजारी खुर्ची दिली होती. काठीवर दोन्ही हात ठेवून ते खाली बघत बसले.

पूर्वरंग उत्तम झाला. ताई सगळ्यांच्या तोंडी असलेली जुनी पदं म्हणत होत्या आणि मुद्दाम ओळ पुरी करत होत्या. कदम शेवटचा तुकडा उचलत होते. असे डौलात उचलत होते की पेटीवाला मान डोलवायला लागला. काकू बायकांच्या पहिल्या रांगेत, पडद्यावर नजर लावून. मध्यंतरात ताईंना हार घातला, सगळ्यांना बुक्का लावला. जोगळेकरांनी भरात येऊन पडद्यालाही बुक्का लावला, तो कदमांच्या कपाळावर न लागता कानाला लागला. ताईंनी मात्र तबक हातात घेतलं, खांबापाशी गेल्या आणि काकांच्या कपाळावर बोट टेकवलं. साथीदारांना त्या स्वतःच्या हाताने बुक्का लावायच्या, ती जुनी रीत. मग तबक काकूंच्या हाती देऊन त्या उत्तररंगाला उभ्या राहिल्या.

आख्यान सुदाम्याचं. ताईंचा सुदामा ज्याने ऐकला नाही त्याला काय सांगू. रस्ता दिसतो, त्याच्या पायातली कुसळं दिसतात, फाटक्या पदरातले पोहे दिसतात. द्वारका अजून लांब, दिवस कलायला आलेला. इतकी वर्षं गेलो नाही मित्राकडे, आता कुठल्या तोंडानं जाऊ? त्याने दार लावून घेतलं असेल का? इथे ताईंनी पद उचललं. हे पद नवं होतं, त्यांनीच रचलेलं. श्रावणात त्या आणि काका दोघांनी बसून त्याची चाल बांधली होती, आणि मग काका पडले. ते तिसऱ्या कुणीही ऐकलेलं नव्हतं.

“दिवा तेवता असू दे, हरी…”

“असू दे हरी,” कदमांनी उचललं.

ताईंचे डोळे मिटलेले. त्या आता मिरजेत नव्हत्या, द्वारकेच्या वाटेवर होत्या. आणि भान सुटल्यावर माणसाच्या हातून होतं ते वर्षानुवर्षांच्या सवयीचंच होतं.

“उशिरा का होईना…”

ताईंनी झांज वर धरली आणि थांबल्या. अर्धी ओळ मागच्या माणसाकडे सोडून दिली.

“उशिरा का होईना…” कदम म्हणाले. आणि तेही थांबले.

त्यांना पुढचं येणार कुठून? त्या गोल खोलीत आठवडाभर त्यांच्यापुढे जी वाक्यं टाकली ती सगळी पुरी होती. ‘दालन बंद करा.’ ‘हवा तपासा.’ त्यांच्यासाठी अर्धं कुणी ठेवलंच नव्हतं. आपल्याला मिळालं तेवढं त्यांनी उचललं आणि जसंच्या तसं धरून ठेवलं.

ताईंनी डोळे उघडले. चूक त्यांच्या लक्षात आली, पण पुढे जायला छातीत श्वास उरला नव्हता. तबला ठेका धरून राहिला. त्यांनी तीच अर्धी ओळ पुन्हा म्हटली, कदमांनी पुन्हा ती तशीच धरली. ओळ हवेत लोंबकळत राहिली. एरवी आम्ही सोडलं नसतं हो. कुणाची ओळ अशी अडली तर सबंध देऊळ मदतीला धावतं. पण पुढचे शब्द कुणालाच ठाऊक नव्हते. इतक्या प्रेमळ माणसांना पहिल्यांदाच गप्प बसावं लागलं.

आणि त्या गप्प जागेत खांबाकडून आवाज आला. खरखरीत, सुराच्या थोडा खाली.

“येतो… मी… घरी.”

ताईंनी वळून बघितलं नाही. झांज वाजवली, आणि तीच ओळ पुन्हा सोडली. “उशिरा का होईना…”

“येतो मी घरी.” या वेळी सूर लागला.

काकू उठून उभ्या राहिल्या होत्या, आपण उठलो हे त्यांना कळलंही नसावं. हातातलं तबक तिरकं झालं आणि सगळा बुक्का जोगळेकरांच्या पांढऱ्या धोतरावर सांडला. ते त्याच धोतराने डोळे पुसायला गेले आणि तोंड काळं करून बसले. ते पद किती वेळ चालू राहिलं, मला विचारू नका. सुदामा त्या दिवशी द्वारकेला खरंच उशिरा पोचला.

*

दुसऱ्या दिवशी झोया आली, काकांच्या समोर मांडी घालून बसली. “काका, आता कळलं मला. कदम सगळं स्वतःच पुरं म्हणायचे. मग तुम्हाला म्हणायला उरायचं काय?” मग आमच्याकडे बघून हसली. “आणि जे उरायचं ते तुम्ही सगळे म्हणून टाकत होतात. पाणी, पंखा, पांघरूण.”

तिने काकूंना पाठ दिला. वाक्य अर्धं टाकायचं, थोडं चालीवर, आणि थांबायचं. थांबण्यातच सगळं आहे, म्हणाली.

काकूंना ते कठीण गेलं. त्यांच्या स्वभावात थांबणं नाही. पहिल्या दिवशी त्या चहाचा कप घेऊन उभ्या राहिल्या. “चहात साखर…” आणि ओठ दाताखाली धरून उभ्याच. चहावर साय आली. काकांच्या कपाळावर शिरा उमटल्या.

“…घरी,” काका म्हणाले.

काकू बघतच राहिल्या. काकाही. आणि मग काका हसले, पोट धरून हसले, आजारपणानंतर पहिल्यांदा. काकूंनी कप खाली ठेवला आणि त्याही हसत सुटल्या. “साखर घरी! असेना का घरी!” चहा गार झाला तो झालाच.

चमत्कार झाला असं मी म्हणणार नाही. कधी चार शब्द यायचे, कधी दिवसभर एकही नाही. पण खुर्ची खिडकीकडून वळली.

ठरल्याप्रमाणे अन्वीचा फोन आला. काकू म्हणाल्या, “नको, बाळ.”

“काकू, नक्की ना? एकदा पुसलं की परत नाही येणार.”

“कळतंय मला. कदम फार चांगले आहेत गं. पण त्यांचं माझ्यावाचून अडत नाही. यांचं अडतं.”

कदमांच्या शेवटच्या भागाला काकूंनी शरयूताईंना आणि मला बोलावलं. दुपारची वेळ. काका आणि काकू शेजारी शेजारी बसले, पूर्वीसारखे. यानावर यंत्रमानव येऊन उभा राहिला, हवेच्या काट्यांपाशी. कॅप्टन म्हणाली, “कदम, तुमची सेवा संपली. आता विश्रांती घ्या.”

“विश्रांती घ्या… घेतो,” कदम म्हणाले, आणि त्यांनी टोपी काढली.

“थांब,” काकू म्हणाल्या. यान थांबलं. त्या उठून भिंतीपाशी गेल्या. हातात दह्याची वाटी होती, घरातून कुणी लांबच्या प्रवासाला निघालं की हातावर घालतात तशी. ती त्यांनी भिंतीशी, जमिनीवर ठेवली.

“कदम,” त्या म्हणाल्या. ‘अहो’ नाही, कदम. “तुम्ही होतात म्हणून त्या दुपारी गेल्या माझ्या.”

“गेल्या दुपारी,” कदम म्हणाले. त्यांचे डोळे आधी हसले, मग ओठ.

काकूंना पुढे काही सुचेना. पण आता त्यांना थांबता येत होतं. थोड्या वेळाने त्या हलक्या आवाजात, चालीवर म्हणाल्या, “उशिरा का होईना…”

“उशिरा का होईना,” कदमांनी उचललं, आणि धरून ठेवलं.

मागून काका म्हणाले, “येतो मी घरी.”

“चालू,” काकू म्हणाल्या. यान सुरू झालं. कदमांनी जाता जाता एकदा काट्याकडे बघितलं. “हवा ठीक,” म्हणाले, आणि दारातून बाहेर गेले. पुढे राजदूत रुसल्याचा प्रसंग होता, तो कुणी बघितला नाही.

झाली गोष्ट. आता माझं मागणं. कीर्तन संपताना आपण गेलेल्यांची आठवण करतो. ज्यांचं कुणी नाही त्यांचीही करतो. कदम कुठल्या घरात जन्मले नाहीत, म्हणून त्यांना तिथी नाही, आणि मालिका बघणाऱ्यांना ते दिसलेच नव्हते, म्हणून चुकल्याचुकल्यासारखंही कुणाला वाटलं नाही. तेव्हा कुठेही कीर्तनाला बसलात, आणि पुढच्याने अर्धी ओळ सोडली, की ती उचलण्याआधी क्षणभर कदमांना आठवा. पुढचं ठाऊक नसताना ज्यांनी ती अर्धी ओळ खाली पडू दिली नाही, त्यांना. मग खुशाल म्हणा पुढचं, टाळी वाजवून.